उसना गडी

बुधवारी दुपारनंतर बाजार बंद असतो आणि बंद बाजाराला दुसरा उद्योग नसतो, म्हणून गावात बुधवारी संध्याकाळी क्रिकेट होतं. कारण एवढंच. खेळावरच्या प्रेमाबिमाची गोष्ट कुणी सांगू लागलं, तर त्याला आधी ते मैदान दाखवा. एका अंगाला पाण्याची टाकी, दुसऱ्या अंगाला गोदामाची भिंत, आणि मधली जमीन अशी उतरती की सरळ टाकलेला चेंडूसुद्धा जाता जाता टाकीकडे वळून बघतो. तिथे गेली कित्येक वर्षं पोट सुटलेली माणसं पांढरे कपडे घालून एकमेकांवर ओरडतात.

एका बाजूला बाजारातले दुकानदार आणि कारागीर, दुसऱ्या बाजूला पाणीपुरवठ्याची माणसं. पाणीपुरवठ्यातलं कुणी ना कुणी कायम ड्यूटीवर, त्यामुळे त्यांचे दहाच्या वर कधी भरत नाहीत. बाजाराचे हटकून बारा. यातून रीत पडली ती अशी की, ज्याचे जास्त त्याने समोरच्याला एक गडी उसना द्यायचा. उसन्या गड्याने त्या दिवसापुरतं त्यांच्याकडून खेळायचं आणि मॅच संपली की आपल्या घरी यायचं. कोणाला द्यायचं हे देणाऱ्या कॅप्टनच्या मर्जीवर. आता कोणता कॅप्टन आपला चांगला माणूस देईल, तुम्हीच सांगा.

बाजाराचा कॅप्टन थोरला. दरवेळी उसना जायचा तो धाकटा. दोघं सख्खे भाऊ, सुतारकामाचं दुकान एकत्र, घरही एकच. गावात त्यांना नावाने कुणी ओळखत नाही, थोरला आणि धाकटा म्हटलं की झालं. धाकटा पंचेचाळिशीला आला तरी धाकटाच. अकरा वर्षं तो दर बुधवारी बाजारातर्फे मैदानावर जायचा आणि पाणीपुरवठ्यातर्फे खेळून यायचा.

कारणही तसंच होतं म्हणा. या अकरा वर्षांत त्याने एकही कॅच धरलेला नव्हता. हाताला लागून सुटलेले, छातीला लागून सुटलेले, आणि एक तर थेट कपाळाला लागून चौकार गेलेला. सुटला की तो चेंडूच्या अंगावर पडायचा, गवतात चाचपून उचलायचा आणि चेंडू हातात घेऊन उभा राहायचा, जणू काही झालंच नाही. मैदान हसायचं, तोही हसायचा. घरी आल्यावर मात्र कुणाशी धड बोलायचा नाही, हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक.

तर त्या बुधवारी सकाळी दोघं भाऊ दुकानात दवाखान्याच्या खिडक्यांच्या चौकटी करत बसले होते. त्यांच्या कामाची पद्धत ठरलेली. थोरला टेप लावून माप घ्यायचा, धाकटा कापायचा, आणि कापलेला तुकडा थोरला पुन्हा मोजायचा. वीस वर्षांत धाकट्याचा एकही तुकडा चुकलेला नव्हता. तरी मोजायचा. धाकट्याला आता त्याचं काही वाटत नव्हतं, निदान तो तसं म्हणायचा.

त्या दिवशी त्याने करवत खाली ठेवली आणि भुसा झटकत म्हणाला, “दादा, आज मला नको देऊस.”

“काय नको देऊ?” थोरला टेपमधून मान वर न काढता म्हणाला.

“उसना. आजची तुझी शेवटची मॅच. एकदा तरी तुझ्याकडून खेळू दे.”

शेवटचीच होती. थोरल्याच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की, यापुढे क्रिकेट फक्त खुर्चीतून. थोरला एक्कावन्न वर्षांचा. आयुष्यात त्याच्या सगळ्यात जास्त धावा त्रेचाळीस, त्याही चौदा वर्षांपूर्वी. पन्नास कधी झाल्या नाहीत. आणि पन्नास म्हणजे साधी गोष्ट नव्हे. ज्याच्या पन्नास होतात त्याचा बॅट घेऊन मोठा फोटो काढून गावचे फोटोवाले तो आपल्या स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर लावतात. आजवर असे चारच फोटो. त्यातला एक मिठाईवाल्याचा, जो थोरल्याला दिसेल तिथे त्या फोटोची आठवण करून देतो. थोरला तोंडाने कधी बोलला नाही, पण स्टुडिओवरून जाताना त्याची मान आपोआप तिकडे वळायची. हे धाकट्याने हजारदा पाहिलं होतं.

“बघू,” थोरला म्हणाला आणि त्याने धाकट्याने कापलेला तुकडा मोजायला घेतला.

संध्याकाळी आभाळ असं भरून आलेलं की पाच वाजताच दिवे लागतील की काय असं वाटावं. पाऊस पडत नव्हता, उघडतही नव्हतं. नुसतं तोंड पाडून बसलेलं आभाळ. अंपायर फोटोवालेच. त्यांना धावता येत नाही आणि उजेडातलं त्यांच्याइतकं गावात कुणाला कळत नाही, या दोन गुणांवर त्यांना कायमचं अंपायर केलेलं. त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं आणि म्हणाले, “या उजेडात मी पासपोर्टचा फोटोसुद्धा काढणार नाही. पण तुम्हाला खेळायचंच असेल तर खेळा.”

पाणीपुरवठ्याचा कॅप्टन मीटरवाला पुढे आला. घरोघर मीटर वाचून वाचून त्याची मान कायमची वाकडी झालेली. “आमचे दहा,” तो म्हणाला. “द्या एक.”

थोरल्याने आपल्या अकरांकडे पाहिलं. बाराव्याकडे पाहिलंच नाही. “धाकटा घ्या,” तो म्हणाला.

धाकट्याला वाटलं, आत्ता असं तडक घरी निघून जावं. पण माणूस अकरा वर्षं एकच गोष्ट करत आला की पाय आपले आपण तिकडेच जातात. तो पाणीपुरवठ्याच्या माणसांत जाऊन उभा राहिला. मीटरवाला त्याला म्हणाला, “नेहमीच्या जागी,” आणि नेहमीची जागा म्हणजे टाकीच्या खाली, लांब, जिथे चेंडू सहसा येत नाही.

पाणीपुरवठ्याने आधी बॅटिंग करून एकशे एकतीस केल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मग बाजाराची पाळी आली आणि थोरला पहिलाच उतरला. गुडघ्यामुळे त्याच्यासाठी धावायला सलूनवाला दिला होता. थोरल्याने नुसतं मारायचं आणि जागेवर उभं राहायचं, धावायचं सलूनवाल्याने. ही सोय थोरल्याला अशी काही मानवली की विचारू नका. पळायची चिंता गेल्यावर तो शांतपणे, माप घेतल्यासारखा एकेक चेंडू टोलवू लागला. वीस झाल्या, तीस झाल्या. दुसऱ्या बाजूने बाजारातली माणसं एकामागून एक बाद होऊन येत होती, पण इकडे कुणाचं लक्षच नव्हतं. चव्वेचाळीस झाल्या तेव्हा गोदामाच्या भिंतीशी बसलेली माणसं उठून उभी राहिली. त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात जास्त.

टाकीखाली धाकटाही उभा होता, तो तर उभाच असतो. तो मनात मोजत होता. पाणीपुरवठ्याच्या बाजूने असून बाजाराच्या धावा मोजणं बरं नव्हे, हे त्याला कळत होतं, पण करतो काय. आतून त्याला वाटत होतं की दादाच्या व्हाव्यात. आणि त्याचवेळी, त्याच मनात, सकाळचं ते ‘बघू’ ठसठसत होतं.

सेहेचाळीस. अठ्ठेचाळीस. आता टाकीची सावली आणि आभाळ यांत फरक उरला नव्हता. फोटोवाल्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि म्हणाले, “ही ओव्हर शेवटची.” मिठाईवाला भिंतीशी उभा राहून ओठ चावत होता.

पाणीपुरवठ्याचा व्हॉल्व्हवाला चेंडू टाकायला धावत आला. त्याने चेंडू आखूड टाकला आणि थोरल्याने सगळ्या अंगानिशी तो टाकीकडे उचलला. उचलला तो उचललाच. वर गेलेला चेंडू ढगात शिरल्यासारखा दिसेनासा झाला. सगळं मैदान माना वर करून तोंडं उघडी टाकून उभं राहिलं आणि सलूनवाला मात्र जीव खाऊन धावत सुटला. एक धाव झाली. तो वळला.

धाकट्याला चेंडू दिसला नाही. त्याने ऐकला. सर्‌र्‌ असा आवाज डोक्यावरून खाली येताना ऐकला आणि काय करतोय हे कळायच्या आत दोन्ही हात छातीशी नेले. चेंडू येऊन असा बसला की तळहातापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. त्या धक्क्याने तो मागे पडला, पाठीवर आदळला, लोळला. चेंडू हातातच होता. गवताला लागला नव्हता, मातीला लागला नव्हता, अकरा वर्षांत पहिल्यांदा चेंडू त्याच्या हातात आला आणि हातातच राहिला. तो उठून उभा राहिला आणि त्याने हात वर केला.

मैदानाने काय पाहिलं? अंधारात धाकटा पडला, चाचपडला आणि चेंडू घेऊन उभा राहिला. हे तर ते दर बुधवारी बघत आले होते. भिंतीशी हशा पिकला. तोवर सलूनवाल्याने दुसरी धाव पूर्ण केली होती. अठ्ठेचाळीस आणि दोन.

“धरला!” धाकटा ओरडला.

हशा आणखी वाढला. फोटोवाले मात्र हसले नाहीत. ते तुरूतुरू मध्यापर्यंत चालत आले, धाकटाही पळत आला. “मला दिसलं नाही,” फोटोवाले म्हणाले. “सरळ सांगतो. तू धरलास?”

एका क्षणात धाकट्याला सगळं कळलं. नाही म्हटलं तर दादाच्या पन्नास. आयुष्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या. हो म्हटलं तर अठ्ठेचाळीसवर बाद, आणि तोही सख्ख्या भावाकडून. नाही म्हणणं किती सोपं होतं! त्याच्यावर कुणी संशय घेतला नसता, उलट सगळ्यांना तेच अपेक्षित होतं. पण तळहात असे पेटले होते, आणि त्याला वाटलं, हेही मी नाही म्हणालो तर मग माझ्याकडे राहिलं काय?

“धरला,” तो म्हणाला. “अगदी छातीशी. जमिनीला लागला नाही.”

मीटरवाल्याने वाकडी मान आणखी वाकडी केली. खरं म्हणजे आज धाकटा त्याचा माणूस, त्याने त्याची बाजू घ्यायला हवी होती. तो म्हणाला, “फोटोवाले, फायदा आमचा आहे, पण मलाही हे पटत नाही. याने धरला? उगाच चांगल्या माणसाच्या पन्नासवर पाणी नको.”

आता इथे एक पोटनियम आड आला. अंपायरला दिसलं नाही तर फिल्डरला विचारायचं आणि त्याचा शब्द मानायचा, ही जुनी रीत. पण उसन्या गड्याचा शब्द त्याच्या मूळ बाजूच्या माणसाबद्दल धरायचा नाही. खूप वर्षांपूर्वी एका उसन्या गड्याने आपल्या मेहुण्याचा सरळसोट कॅच धरून ‘टप्पा पडला’ म्हणून सांगितलं होतं आणि पुढे वर्षभर दोन घरं एकमेकांचं तोंड बघत नव्हती. तेव्हापासून ठरलं की, अशावेळी बॅट्समनलाच विचारायचं. हा नियम भावाला वाचवणाऱ्यासाठी केलेला. भावाला बाद करणाऱ्यासाठी नियम करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

“पण तो स्वतःच्या भावाविरुद्ध खोटं कशाला बोलेल?” सलूनवाला धापा टाकत म्हणाला. दोन धावा धावलेला माणूस, त्याने असं म्हणावं हे विशेषच.

“नियम तो नियम,” मीटरवाला म्हणाला.

“म्हणजे भावाला बाद करणाराही खोटाच धरायचा?” सलूनवाला म्हणाला.

“मी असं कुठे म्हटलं?”

अशी बरीच हुज्जत झाली. पाणीपुरवठ्याची माणसं बाजाराच्या बाजूने भांडत होती आणि बाजारातली दोघं-तिघं पाणीपुरवठ्याच्या. शेवटी फोटोवाल्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि थोरल्याकडे वळले. “तुम्हीच सांगा. तुम्ही धावत नव्हता, तिथेच उभे होता. दिसलं का तुम्हाला?”

थोरला बॅटवर भार देऊन उभा होता. तो धाकट्याकडे पाहत होता. धाकटाही त्याच्याकडे पाहत होता, चेंडू अजून दोन्ही हातांत धरून, पुन्हा सुटेल की काय अशा भीतीने. लांब मिठाईवाला मान पुढे काढून उभा.

“नाही दिसलं,” थोरला म्हणाला. “अंधार होता.”

“मग नाबाद,” फोटोवाले म्हणाले. “पन्नास. आणि मॅच इथेच थांबली, कारण आता मला तुमची तोंडंही दिसत नाहीत.”

टाळ्या पडल्या. लोक पळत आले, थोरल्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न झाला पण गुडघ्यामुळे बेत रद्द करावा लागला. मिठाईवाल्यानेही येऊन हात मिळवला, तोंड मात्र कडू औषध घेतल्यासारखं. फोटोवाले म्हणाले, “उद्या सकाळी दहाला स्टुडिओत या, इस्त्रीचा शर्ट घालून.” धाकटा बाजूला उभा राहिला. मग त्याने चेंडू नेऊन फोटोवाल्यांच्या हातात दिला, स्टम्प उपटून गोणीत भरले, थोरल्याची बॅट उचलली आणि दोघं भाऊ घराकडे निघाले. थोरला लंगडत होता म्हणून धाकट्याने खांदा दिला. धाकट्याला राग आला होता आणि रागापेक्षा जास्त लाज वाटत होती, कसली ते मात्र कळत नव्हतं.

घरी बातमी आधीच पोचलेली. वहिनी दारातच उभ्या होत्या. “पन्नास!” त्या म्हणाल्या. “तीन फोन आले मला. अहो, तुमच्या चेहऱ्यावर जरा तरी आनंद दिसू द्या की!”

“आधी बसू दे,” थोरला म्हणाला. त्याने खुर्चीत बसून पाय स्टुलावर टाकला. वहिनी चहा ठेवता ठेवता आतून बोलतच होत्या, उद्या फोटोसाठी कोणता शर्ट, फोटोची एक प्रत घरीही लावायची, ती कुठे.

धाकट्याच्या बायकोचं लक्ष नवऱ्याच्या हाताकडे गेलं. उजवा तळहात टम्म सुजून लाल झालेला. “अगं बाई, हे काय झालं?”

“चेंडू लागला,” धाकटा म्हणाला.

“लागला की नेहमीसारखा सुटला?” ती म्हणाली. मनात काही नव्हतं तिच्या, घरात सगळेच असं म्हणायचे. ती पातेल्यात गार पाणी आणायला वळली.

“सुटला नाही,” थोरला म्हणाला.

तो जरा मोठ्याने बोलला असावा, कारण आतून वहिनीही बाहेर आल्या.

“माझ्या अठ्ठेचाळीस झाल्या,” थोरला म्हणाला. “पन्नास नाही. अठ्ठेचाळीसवर मी आऊट झालो. याने काढला मला.”

“काहीतरीच काय!” वहिनी म्हणाल्या. “फोटोवाले स्वतः म्हणाले फोनवर—”

“फोटोवाल्यांना दिसलं नाही. मला दिसलं. सगळे आभाळाकडे बघत होते, मी याच्याकडे बघत होतो. सुटतो का ते बघत होतो. याने दोन्ही हातांनी छातीशी धरला, पाठीवर आपटला, लोळला, पण सोडला नाही. असा कॅच मी त्या मैदानावर पाहिलेला नाही.”

धाकट्याची बायको पातेलं घेऊन दारातच थांबली. मग धाकट्याच्या तोंडून जे निघालं ते त्याने दादाला आजवर कधी विचारलं नव्हतं.

“मग तेव्हा का बोलला नाहीस?”

थोरल्याने गुडघा चोळला. “पन्नास हव्या होत्या मला,” तो म्हणाला. “दुसरं काही कारण नाही. तू चेंडू धरून माझ्याकडे बघत होतास, तरी ‘नाही दिसलं’ म्हणालो. रस्ताभर स्वतःला सांगत आलो की अंधार होता. नव्हता एवढा.” त्याने इकडे तिकडे पाहिलं. “माझा फोन कुठाय? फोटोवाल्यांना सांगतो, धावांच्या वहीत दुरुस्त करा म्हणून. आणि उद्या काही मी येत नाही.”

फोन धाकट्याच्या कोपराशी फळीवर होता.

“अहो, राहू द्या आता,” वहिनी म्हणाल्या. “झालं गेलं. सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्यात, सोमवारी ऑपरेशन आहे, आता कुठे हे उकरून काढता? भाऊजींना काय त्याचं? हो ना हो भाऊजी?”

सगळे धाकट्याकडे बघू लागले. बायकोही बघू लागली. धाकटा काय म्हणणार ते सगळ्यांना माहीत होतं. ‘राहू दे, दादा’ हे तो अकरा वर्षं म्हणत आला होता, दुकानात, मैदानात, याच खोलीत. थोरलाही हात पुढे करून तेच ऐकायची वाट बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत थोडीशी आशा नव्हती असं म्हणणं खोटं होईल.

धाकट्याने सुजलेला हात मांडीवर ठेवला, डाव्या हाताने फोन उचलला आणि दादाच्या हातात दिला.